पिठातले हात

तिनं डावा हात पुढं केला आणि मी माझे दोन्ही हात मनगटापर्यंत पिठात घातले.

"डावा?" मी म्हटलं. "अगं बाई! डावा हात कशासाठी असतो ते या पोरींसमोर मी सांगू, का तुम्हीच सांगताय?"

कांदे सोलत बसलेल्या पोरी फिस्सकन हसल्या. तिचा हात थोडा वेळ तसाच राहिला. मग तिनं तो मागं घेतला, गळ्यातल्या शिटीची दोरी नीट केली आणि पोरींकडं वळून म्हणाली, "हसताय काय? सांगा अक्कांना, आपण डावा हात का देतो ते."

लोहाराची वैजू उठली आणि पाठ केल्यासारखी बोलली, "डावा हात काळजाजवळ असतो. आणि पूर्वी लढाईत ढाल डाव्या हातात असायची. ती खाली ठेवून डावा हात दिला, म्हणजे समोरच्यावर आपला विश्वास आहे."

"माझ्याजवळ ढाल नाही, परात आहे," मी म्हटलं. "ती खाली ठेवली तर रात्री काय खाशील गं? विश्वास?"

पोरी पुन्हा हसल्या. ती पण हसली. हसताना तिनं माझ्या हातांकडं बघितलं. पीठ कोरडंच होतं. त्यात मी अजून पाणी घातलं नव्हतं.

ही आमच्या कन्या शाळेच्या गाइडच्या पथकाची नवी कॅप्टन. गाइड म्हणजे पोरींचं स्काउट. निळा पोशाख, गळ्यात स्कार्फ, शिटी वाजली की रांग. त्या वर्षी पथकाचं पहिलं मोठं शिबिर माळावरच्या देवळाच्या धर्मशाळेत ठरलं. पोरी तंबूत राहणार, दोऱ्यांच्या गाठी शिकणार, झेंडा चढवणार. शाळेच्या मोठ्या बाई, म्हणजे हेडमास्तरीणबाई, स्वतः माझ्या दारात आल्या. "अक्का, मुली परगावी राहणार म्हटल्यावर आया घाबरल्यात. तुम्ही स्वयंपाकाला आहात म्हटलं तर पाठवतील."

पाठवणारच. आमच्या गावात लग्न ठरलं की आधी ब्राह्मण बघायचे का आधी मला विचारायचं, यावर घरात वाद व्हायचे. पंगत उठेपर्यंत मी कधी बसले नाही, आणि मी उभी असताना कुठल्या पंगतीत आमटी कमी पडली नाही. शाळा माझी चौथीत सुटली, पण तीन सुना आणि अख्खी भावकी माझ्या शब्दाबाहेर नव्हती. धाकटा दीर शाळेच्या संस्थेचा सेक्रेटरी होता, तोसुद्धा मी ताट वाढल्याशिवाय मीटिंगला जात नसे. शिवाय माझी थोरली नात कुंदा त्याच पथकात होती, गुलाब संघाची नायिका. पोरींचे चार संघ होते, फुलांच्या नावाचे. वैजू मोगऱ्याची नायिका.

तेव्हा मी गेले. पैसे घेतले नाहीत. माझी परात, माझी उलथणी आणि माझं तोंड घेऊन गेले.

पहिल्याच संध्याकाळी कळलं की कॅप्टनच्या डोक्यात भलतंच आहे. पोरींनी दिवसातलं एक जेवण आपलं आपण रांधायचं म्हणे. दगड मांडून चूल करायची, काटक्या गोळा करायच्या, आणि जे होईल ते खायचं. करपलं तर करपलेलं.

"घरी आया नाहीत का शिकवायला?" मी विचारलं.

"आया शिकवतात तेव्हा मार असतो, अक्का. इथं चुकलं तर नुसतं पोट दुखतं."

"आणि ते पोट चोळायला कोण? तुमची शिटी?"

तिच्याशी भांडताना एक अडचण होती. तिचा आवाज चढत नसे. मी एक बोलावं, तिनं ऐकून घ्यावं आणि पुन्हा तेच म्हणावं. लोखंडावर घण मारला तर ठिणगी तरी उडते. इथं माझे घण वाळूत जायचे. मला त्याचाच जास्त राग येई.

पोरींनी भाकरी केल्या. भाकरी कसल्या, गोवऱ्याच. मी धर्मशाळेच्या पडवीतून बघत होते. धुरानं डोळे लाल झालेल्या पोरी त्या गोवऱ्या मिठाबरोबर चावत होत्या, आणि कॅप्टन त्यांच्यात मांडी घालून तेच खात होती. मला राहवलं नाही. मी सांज्याच्या पोळ्या केल्या, वर तूप सोडलं, आणि हाक दिली, "ज्याला मरायचं नाही त्यानं इकडं या गं!"

पोरी उधळल्या. रांग नाही, शिटी नाही. पडवीत एकच गर्दी. कॅप्टन एकटी दगडांच्या चुलीपाशी राहिली, हातात अर्धी भाकरी. ती पण तिनं संपवली. मग आली आणि पडवीच्या पायरीखाली उभी राहून म्हणाली, "अक्का, उद्या असं नको. त्यांनी केलेलं त्यांनी खाऊ दे."

"तुम्ही पण घ्या की एक," मी म्हटलं. पोळी मात्र उचलली नाही.

"नको. मुली जे करतील तेच मी खाणार, असं ठरलंय आमचं."

"बघा बाई. मग हाडं दिसायला लागली की आम्हाला बोल नको."

दुसऱ्या दिवशी पोरींची चूल पेटेना. काटक्या दवानं ओल्या झालेल्या. कॅप्टन माझ्याकडं विस्तव मागायला आली. पडवीवर पाय टाकणार तोच मी म्हटलं, "चुलीपाशी चपला?"

तिनं चपला काढल्या.

"थांबा, आत धूर आहे. डोळ्यांना लागेल."

"मला सवय आहे, अक्का."

"असू दे. मी आणते की."

मी निखारे सांडशीनं धरून बाहेर आणले आणि तिच्या हातातल्या खापरावर वरून सोडले. एक निखारा खापरावर न पडता तिच्या पायाशी पडला. ती मागं सरकली नाही. तिनं काटकीनं तो उचलून खापरावर ठेवला आणि "येते बरं का, अक्का" म्हणून गेली. ती गेल्यावर मी पायरीवर पाणी शिंपडलं. माळावर धुरळा फार होता.

त्याच दिवशी जिल्ह्याचे संघटक दाबके सर शिबिर बघायला आले. खाकी अर्धी चड्डी, पांढऱ्या मिशा, छातीवर बिल्ले. माणूस हसतमुख. पडवीवर येऊन त्यांनी माझी आमटी चाखली आणि म्हणाले, "अक्का, असं जेवण मिळत असेल तर मी पुन्हा स्काउट व्हायला तयार आहे!" त्यांनी हात पुढं केला. मी पदराला हात पुसून मिळवला. पोरींनी टाळ्या वाजवल्या.

सर कॅप्टनलाही म्हणाले, "बाई, मुलींच्या चुली उत्तम. पण या दोन स्वयंपाकघरांचं एकमेकांशी पटत नाही वाटतं?"

"पटेल, सर," ती म्हणाली.

"पटायला काय झालंय," मी म्हटलं. "यांनी मुलींना उपाशी मारायचं, मी जगवायचं. कामं वाटून घेतलीत."

सर हसले.

असं चाललं होतं. ती शिटी वाजवी, मी हाक मारी. तिनं पोरींना भांडी घासायला बसवलं की मी माझ्याबरोबर आणलेल्या बाईला पाठवून ती उचलून आणवी. पोरी बिचाऱ्या मधल्या मध्ये. रांगेत उभ्या राहून त्या माझ्याकडं बघत आणि पडवीत बसून तिच्याकडं बघत. कुंदा तर माझ्याशी बोलेनाशीच झाली होती. मला वाटलं, शिबिरात आजी आहे म्हणून लाजते.

मग दुधाचं झालं.

शेवटच्या दिवशी गव्हाची खीर करायची, हे मी पहिल्या दिवसापासून सांगत आले होते. पोरी सकाळी उठल्यावर एकमेकींना "खीर कधी?" असं विचारत. धनगराच्या वाड्यावरून दूध आलं, मोठं पातेलं भरून. मी ते चुलीवर ठेवलं, कुंदाला म्हटलं, "हलू नको इथून, वर आलं की फुंकर घाल, जाळ ओढ," आणि तळ्यावर हातपाय धुवायला उतरले.

परत येते तर पडवीत कुंदा नव्हती. माझ्या चुलीपुढं कॅप्टन उकिडवी बसली होती. तिनं गळ्यातला स्कार्फ काढून दोन्ही हातांना गुंडाळला होता आणि पातेलं उतरवून खाली ठेवत होती. साय काठाला लागलेली. दोन थेंब निखाऱ्यावर पडून चर्र झालं होतं, तेवढंच.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

ती उठली. "उतू चाललं होतं, अक्का. कुंदा गाठींच्या स्पर्धेला पळाली, माझीच शिटी ऐकून. निम्मं जाळात गेलं असतं."

"आत यायला कुणी सांगितलं, ते विचारतेय मी."

शिटीच्या आवाजानं जमलेल्या पोरी दोऱ्या घेऊन पडवीपाशी आल्या होत्या. मी पातेल्याकडं बघितलं. शुभ्र दूध, वर जाड साय. असं दूध मी आयुष्यात दोन-चारदाच बघितलं असेल.

"नासलं," मी म्हटलं.

"काय?"

"दूध नासलं."

"अक्का, चांगलं आहे. बघा ना."

"दूध आता मला तुम्ही शिकवणार?"

मी सांडशीनं पातेलं धरलं, ओढत पायरीपर्यंत नेलं आणि लिंबाच्या बुंध्याशी ओतलं. सगळं. दूध वाहत वाहत पोरींच्या पायांपर्यंत गेलं. एक लहान पोरगी मागं सरकली, तिला बूट भिजतील असं वाटलं. देवळाचं कुत्रं येऊन चाटायला लागलं.

"नासलं नव्हतं, अक्का," कॅप्टन म्हणाली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज हलला. "मुलींचं होतं ते."

"म्हणजे मी खोटं बोलते? माझ्या नातीएवढ्या पोरींसमोर मला खोटं पाडता?" मग मी जी सुटले ती सुटले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, शेवटचं आठवतं, "या पथकावर एक तर ही बाई राहील, नाही तर मी! आज मोठ्या बाई येतायत, होऊन जाऊ दे."

माझा दीर सेक्रेटरी होता. माझ्या त्या वाक्याचा अर्थ काय, ते सगळ्यांना कळलं. हिला कळलं. पथक हिनंच उभं केलं होतं. घरोघर फिरून, बापांच्या पाया पडून पोरी गोळा केलेल्या. ते सगळं माझ्या एका शब्दावर जाणार होतं. तिनं स्कार्फ झटकला, पुन्हा गळ्यात बांधला आणि पोरींना म्हणाली, "चला. गाठी अर्ध्या राहिल्यात."

मोठ्या बाई दुपारच्या गाडीनं आल्या. त्यांना मी चहा दिला आणि त्याबरोबर सगळं सांगितलं. त्या कपाकडंच बघत राहिल्या. "अक्का, शेवटच्या दिवशी हे कशाला? गावात जाऊन बोलू."

"गावात मी बोलणारच आहे. दिराशी. पण त्याआधी पोरींना विचारा. तुमचं ते कोर्ट आहे ना? त्यांना विचारा, कोण हवंय."

पोरींचं खरंच एक कोर्ट होतं. कोर्ट ऑफ ऑनर म्हणत. चारी संघांच्या नायिका झाडाखाली बसायच्या आणि कुणी चुकलं, कुणाचं भांडण झालं, की दोघींचं ऐकून निकाल द्यायच्या. कॅप्टन तिथं सल्ल्यापुरती बसायची, मत द्यायची नाही.

कॅप्टन म्हणाली, "बाई, मुलींच्या कोर्टात मोठ्यांची भांडणं आणत नाहीत. त्यांच्यावर हे टाकू नका."

"का हो?" मी म्हटलं. "घाबरलात?"

"नाही, अक्का."

"मग होऊ द्या की! पोरी खोटं बोलायच्या नाहीत. तुमचाच नियम ना तो पहिला, रोज सकाळी ओरडून म्हणायला लावता? गाइड विश्वासू असते. बघू दे की मला पण."

मी हे का म्हणाले? कारण मला खात्री होती. सांज्याच्या पोळ्या कुणाच्या, आणि गोवऱ्या कुणाच्या? चार नायिकांतली एक माझी नात. उरलेल्या तिघींनी माझ्या हातचं बोटं चाटून खाल्लं होतं.

मोठ्या बाई म्हणाल्या, "अक्का, तुम्हीच म्हणताय बरं का."

"मीच म्हणतेय."

लिंबाखाली दूध वाळून पांढरा डाग पडला होता, म्हणून पोरी पलीकडच्या चिंचेखाली बसल्या. माझ्यासाठी वैजूनं घोंगडी आणली. मी बसले नाही. मी उभी राहिले, कमरेवर हात ठेवून, पंगतीत उभी राहते तशी.

वैजूनं सुरुवात केली. गंभीर चेहरा, बापाच्या भात्यापुढं बसल्यासारखी. "अक्का, तुमचं म्हणणं काय?"

"माझं म्हणणं? तूच सांग. जेवण कसं होतं माझं?"

"चांगलं होतं."

"आणि तुमच्या भाकरी?"

चौघी एकमेकींकडं बघून हसल्या. "करपल्या होत्या."

"उपाशी झोपली असतीस का नसतीस?"

"झोपले असते, अक्का."

मी मोठ्या बाईंकडं बघितलं. म्हटलं, लिहून घ्या. कॅप्टन मांडी घालून जरा बाजूला बसली होती, वाळलेल्या पानाचे तुकडे करत.

"आता आम्ही विचारू?" वैजू म्हणाली.

"विचार की."

"दूध नासलं नव्हतं, अक्का. तुम्ही पातेलं ओतल्यावर काठाला साय राहिली होती, ती मी बोटानं चाखली. गोड होती. मग ओतलं का?"

"वास येत होता. तुला कळायचं नाही."

"मला पण आला नाही," दुसरी म्हणाली. "मी पण चाखली."

"चाखल्या कसल्या गं सगळ्या, मांजरी आहात काय?" मी म्हटलं. कुणी हसलं नाही. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या बोलण्यावर पोरी हसल्या नाहीत.

वैजू जमिनीकडं बघून विचार करत होती. तिच्या बोलण्यात काही डाव नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं आणि तिला ते कळून घ्यायचं होतं, एवढंच. ती म्हणाली, "पहिल्या दिवशी बाईंनी हात पुढं केला तेव्हा तुम्ही म्हणालात, डावा हात घाण असतो. म्हणून दिला नाही."

"हो मग! आमच्यात असतो."

"पण दाबके सरांना दिलात, अक्का."

"तो..." मी म्हटलं.

"तो डावाच होता. सरांनी डावा पुढं केला, तुम्ही पदराला पुसून डावा दिलात. आम्ही बघितलं. आम्ही सगळ्यांचे हात बघतो, बाईंनी शिकवलंय." तिनं मान वर केली. "मग बाईंना का नाही?"

वाऱ्यानं चिंचेचा पाला पोरींच्या केसांवर पडत होता. मी कुंदाकडं बघितलं. म्हटलं, ही तरी काही बोलेल. माझ्या घरात वाढलेली, माझ्या मांडीवर झोपलेली.

कुंदाचे डोळे भरले होते. ती म्हणाली, "मला माहितीय का ते. पण मी सांगणार नाही."

"काय माहितीय?" वैजूनं विचारलं.

"मी सांगणार नाही म्हटलं ना! माझी आजी आहे ती."

कोर्टात सगळ्यांसमोर तिनं माझी लाज राखली, आणि राखता राखता सगळी बाहेर काढली. तीन पोरींनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग कॅप्टनकडं. आणि एकेकीला कळत गेलेलं मला दिसलं. पायरीवर मारलेलं पाणी. वरून सोडलेले निखारे. घ्या म्हणून न उचललेली पोळी. वैजूला सगळ्यात शेवटी कळलं. तिनं तोंडावर हात ठेवला.

त्यांना ठाऊक नसलेली एक गोष्ट आहे, ती मी वर लिहिली नाही. तिनं हात पुढं केला त्याआधी आमचं थोडं बोलणं झालं होतं.

मी विचारलं होतं, "कुठल्या तुम्ही?"

"इथल्याच, अक्का. ओढ्यापलीकडच्या. दाजीबा बनसोड्यांची सरोज."

ओढ्यापलीकडं कोण राहतं ते आमच्या गावात रांगत्या पोरालाही कळतं. शिवाशीव कायद्यानं गेली होती, शाळेतून गेली होती, विहिरीवरून गेली होती. माझ्या चुलीवरून गेली नव्हती. मी काही बोलायच्या आत ती हसून म्हणाली होती, "तुमच्या हातचं मी लहानपणी जेवलेय, अक्का. तुमच्या थोरल्या दादांच्या लग्नात. वडील सरपण फोडायला होते. बुंदी काय होती! अजून तशी कुठं खाल्ली नाही." आणि मग तिनं हात पुढं केला.

माझ्या थोरल्या मुलाच्या लग्नात मागच्या दारी कोण बसलं होतं, ते मला आठवत नव्हतं. आठवणार कसं? मी वरून वाढत गेले होते. खाली तोंडं असतात आणि ती बघायची असतात, हे मला ठाऊक नव्हतं. ती मात्र एवढी वर्षं त्या बुंदीची चव जिभेवर ठेवून होती, आणि मी पिठात हात घातले.

चिंचेखाली मी उभीच होते. कमरेवरचे हात मात्र खाली आले होते. आयुष्यात असं कधी झालं नव्हतं.

"वैजू," कॅप्टन म्हणाली, "कोर्ट थांबव."

"पण बाई, निकाल..."

"निकाल नको. मोठ्या माणसाला उभं करून विचारत नाहीत. अक्कांना घोंगडी दे." मग माझ्याकडं न बघता, "बसा, अक्का."

मी बसले. ज्या बाईच्या पोटावर मी पाय द्यायला निघाले होते, तिनं बस म्हटलं म्हणून बसले. तिनं चार शब्द मला सुनावले असते तर मी चाळीस परत दिले असते. तिनं घोंगडी दिली.

पोरी उठून गेल्यावर मोठ्या बाईंनी खालच्या आवाजात विचारलं, "अक्का, सेक्रेटरीसाहेबांना काय सांगायचं?"

"काय सांगायचंय?" मी म्हटलं. "पथक यांचंच आहे. पोरी भाकरी शिकतायत, शिकू दे." 'माफ करा' हे शब्द त्या वाक्याच्या मागं रांगेत उभे होते. पुढं आले नाहीत.

त्या रात्रीचा स्वयंपाक पोरींनी केला. मला कुणी मना केलं नव्हतं, पण मी चुलीपाशी गेले नाही. गव्हाची खीर पाण्यात शिजवली, गूळ घालून. दूध नव्हतंच. कुंदानं एक वाटी माझ्यापुढं आणून ठेवली. गहू कच्चा होता. मी सगळी खाल्ली.

सरोजबाई पथकावर राहिल्या, पुढं कितीतरी वर्षं. त्यांच्या पोरी दिल्लीपर्यंत जाऊन आल्या. कुंदाही गेली. मला शिबिराला परत कुणी बोलावलं नाही, आणि मीही विचारलं नाही. गावातल्या लग्नांना जात राहिले. मागच्या दारी बसलेल्यांना आत पंगतीत घ्या, असं पहिल्यांदा म्हणाले तेव्हा भावकी माझ्या तोंडाकडं बघत राहिली. म्हातारीला चळ लागला म्हणाले. म्हणू देत.

पण निघायच्या सकाळचं राहिलं.

झेंडा उतरला होता. तंबू गुंडाळून झाले होते. पोरी गोल करून एकमेकींना डावा हात देत निरोप घेत होत्या, आणि बाई गोलाच्या बाहेर उभ्या राहून कुणाचं काय राहिलं ते बघत होत्या. मी पडवीतून उतरले. हात धुतले होते, कोरडे केले होते, दोनदा. चालत त्यांच्यापुढं गेले आणि काही न बोलता डावा हात पुढं केला.

त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं. गळ्यातली शिटी काढून खिशात ठेवली, बगलेतली काठी झाडाला टेकवली, दोन्ही हात मोकळे केले.

आणि त्यांनी ते दोन्ही हात जोडले.

"येते, अक्का," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "मुलींना तुमच्या हातचं फार आवडलं."

त्या वळून गोलाकडं गेल्या. पोरींनी त्यांच्यासाठी जागा केली.

मी तशीच उभी राहिले. पाठीवर पिशवी अडकवून कुंदा जवळ आली. तिनं आधी बाईंकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आजी," ती हळूच म्हणाली, "हात खाली घे. गाडी आलीय."